बंदुकीचा पट्टा : वस्तू लहान, जोखीम मोठी



शिरूर आणि दौंड तालुक्यांत घोड, भीमा आणि कालव्यांच्या पाण्यावर ऊस वाढला. उसाने घरात चार पैसे आणले हे खरे. पण त्याच उसाने रानडुकरांनाही आयता आसरा दिला. दिवसभर उसात दडून राहायचे आणि रात्री मका, भुईमूग, ज्वारी यांची नासाडी करायची, हा त्यांचा नेम. त्यात बिबट्याही उसातच राहू लागला. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यात पिंपरखेडच्या परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात माणसे दगावली, तेव्हापासून रात्रीच्या राखणीला जाणारा माणूस घरून निघताना दहा वेळा विचार करतो.

काही शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणासाठी परवान्याची बंदूक आहे. कोणाकडे बारा बोअरची एकनळी किंवा दुनळी, कोणाकडे आजोबांच्या वेळची ठासणीची. बंदुकीविषयी चारचौघांत बोलणे निघाले, की नळी कोणत्या कंपनीची, काडतूस केवढ्याला मिळाले, यावर तासभर चर्चा होते. पट्ट्याचे नाव मात्र कोणी काढत नाही. गावोगाव फिरताना मी पट्ट्याच्या जागी सुतळी पाहिली आहे, बैलाचा जुना कासरा पाहिला आहे, सायकलच्या ट्यूबची पट्टीही पाहिली आहे. मूळ पट्टा असलाच, तर तो कडीपाशी अर्धा झिजलेला.

म्हणून आज या साध्या वस्तूविषयी चार गोष्टी सांगतो. राखणीच्या रात्री बंदूक हातात थोडा वेळ आणि खांद्यावर पुष्कळ वेळ असते. जेवढा वेळ ती खांद्यावर आहे, तेवढा वेळ तिचा भार आणि तुमच्या घरच्यांचा जीव त्या बोटभर पट्ट्यावर टांगलेला असतो.

पट्टा काय काम करतो?

पाठीवरच्या फवारणी पंपाचे उदाहरण घ्या. सोळा लिटरचा पंप भरला, की त्याचे वजन वीस किलोच्या आसपास जाते. पट्टे नीट जुळवलेले असतील तर तोच पंप दोन तास चालवता येतो. एक पट्टा लांब आणि एक आखूड असेल तर अर्ध्या तासात कंबर धरते. बंदुकीचे वजन साधारण तीन-साडेतीन किलो, म्हणजे पंपाच्या मानाने काहीच नाही. परंतु पंप घसरला तर औषध सांडेल. भरलेली बंदूक घसरून दगडावर आपटली तर काय होईल, हे सांगायला नको.

पट्ट्याची कामे दोन. पहिले काम बंदूक खांद्यावर वागवण्याचे, म्हणजे हात बॅटरीला, काठीला, कुंपणाला मोकळे राहतात. दुसरे काम रायफलीचा नेम धरताना हाताला आधार देण्याचे. ही दोन्ही कामे वेगळी आहेत. वागवण्यासाठी लावलेला पट्टा नेमासाठी तसाच चालत नाही आणि नेमासाठी घट्ट केलेला पट्टा खांद्यावर नीट बसत नाही. पहिले काम सर्वांच्या उपयोगाचे, म्हणून ते आधी पाहू.

पट्टा कोणता घ्यावा?

कातडी पट्टा खांद्यावरून घसरत नाही आणि वर्षानुवर्षे टिकतो. मात्र पावसात भिजला तर ताणतो, आणि मग उन्हात वाळत घातला तर कडक होऊन त्याला चिरा पडतात. भिजलेला कातडी पट्टा सावलीत वाळवावा. पुरता वाळल्यावर कातड्याला लावायचे तेल हलक्या हाताने चोळावे. तेल जास्त झाले तर कातडे मऊ पडून ताणते, हेही ध्यानात ठेवा.

जाड सुती विणीचा पट्टा स्वस्त आणि चांगला. भिजला की थोडा आकसतो, म्हणून पावसाळ्यात त्याची लांबी पुन्हा पाहावी. नायलॉनचा पट्टा पावसाला दाद देत नाही, पण गुळगुळीत असल्याने टेरिकॉटच्या शर्टावरून घसरतो, आणि वर्षानुवर्षे उन्हात राहिला तर त्याची शिवण कुजते.

रुंदी एक ते सव्वा इंच असावी. याहून अरुंद पट्टा खांद्यात रुततो. सुतळी आणि कासरा तर मुळीच नको. दोरी गोल असते, ती खांद्यावर फिरते आणि तिच्याबरोबर बंदूकही फिरते.

आधी कड्या तपासा

पट्टा कितीही चांगला असला तरी तो ज्या कड्यांत अडकवला आहे त्या पक्क्या नसतील तर उपयोग नाही. पुढची कडी नळीखाली असते आणि मागची दस्त्याला. दस्ता लाकडाचा. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि या ओढाताणीत दस्त्यातला स्क्रू हळूहळू ढिला होतो.

तपासण्यापूर्वी बंदूक रिकामी करा. नळी उघडून डोळ्यांनी पाहा, मग बोट घालून खात्री करा. नंतर प्रत्येक कडी चिमटीत धरून हलवा. कडी फिरली पाहिजे, पण तिचा पाया हलता कामा नये. स्क्रू ढिला असेल तर आवळा. भोक मोठे होऊन स्क्रू नुसताच फिरत असेल, तर त्यात काडेपेटीच्या काड्या कोंबून वेळ मारून नेऊ नका. ते काम परवानाधारक बंदूक कारागिराकडून करून घ्या.

कडीत पट्टा जेथे घासतो तेथे सर्वांत आधी झिजतो. तो भाग उलटून पाहा. दोरे सुटले असतील तर चप्पल शिवणाऱ्या कारागिराकडून मेणाच्या दोऱ्याने दुहेरी शिवण घालून घ्या. त्याच्याकडे न्यायचा तो पट्टा. बंदूक घरी कुलपात राहू द्या.

लांबी कशी ठरवावी?

लांबी माणसागणिक वेगळी. उंच माणसाचा पट्टा बुटक्याला चालत नाही. पुढीलप्रमाणे करा:

१. रिकामी बंदूक, नळी वर करून, उजव्या खांद्यावर पाठीमागे टांगा. डावखुऱ्यांनी डाव्या खांद्यावर घ्यावी.

२. उजव्या हाताचा अंगठा छातीजवळ पट्ट्याखाली घाला. कोपर बरगडीला टेकवून बंदूक अंगाशी दाबता आली पाहिजे.

३. दहा पावले चाला. दस्ता गुडघ्यामागे आपटत असेल तर पट्टा लांब आहे. बंदूक काखेखाली घट्ट अडकून खांद्यावरून काढता येत नसेल तर आखूड आहे.

४. आता शंभर पावले नांगरटीतून चाला. मधे एकदा बसून उठा. बंदूक खांद्यावरून न घसरता राहिली, म्हणजे लांबी जमली.

५. हीच परीक्षा स्वेटर आणि घोंगडी घेऊन करा. पौषातल्या थंडीत राखणीला जाताना अंगावर जेवढे कपडे असतात, तेवढ्यांवर पट्टा बसला पाहिजे.

६. लांबी ठरली की बकलापाशी शाईने खूण करा. उरलेले टोक लोंबकळत ठेवू नका, पट्ट्याच्या फासात खोचून टाका. लोंबते टोक बोरी-बाभळीच्या काट्यात अडकते, मोटारसायकलच्या चाकात जाते, आणि वाईट म्हणजे चापात गुंतते.

खांद्यावर घेण्याच्या तीन रीती

नळी वर. ही रोजची रीत. बंदूक चटकन हातात येते. नळीचे तोंड डोक्याच्या वर जाते, म्हणून झाडाखालून किंवा उसाच्या सरीतून जाताना जपा. पाचट अडकले तर बंदूक मागे ओढली जाते.

नळी खाली. पावसात नळीत पाणी जाऊ नये म्हणून काही जण अशी घेतात. पण खाली बसताना किंवा बांध उतरताना नळीचे तोंड चिखलात टेकते. नळीत चिखलाचा बोळा बसला आणि तशीच गोळी झाडली, तर नळी फाटते. म्हणून या रीतीने बंदूक घेतल्यास, भरण्यापूर्वी नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहिलेच पाहिजे.

आडवी पाठीवर. पट्टा छातीवरून तिरपा घेऊन बंदूक पाठीवर. दोन्ही हात पूर्ण मोकळे राहतात. परंतु नळी कोणाकडे वळली आहे हे तुम्हाला दिसत नाही. मागून चालणारा मुलगा नेमका तिच्या समोर असू शकतो. एकटे असाल तेव्हाच ही रीत वापरा.

तिन्ही रीतींना नियम एकच, आणि आजच्या लेखातला मुख्य मुद्दाही तोच आहे. खांद्यावर गेली ती बंदूक रिकामी असली पाहिजे. हातातल्या बंदुकीचे तोंड तुमच्या ताब्यात असते. खांद्यावरची बंदूक पट्ट्याच्या ताब्यात असते, आणि पट्ट्याला डोळे नसतात. सेफ्टी लावली आहे असे म्हणून समाधान मानू नका. सेफ्टी हा लोखंडाचा लहानसा तुकडा आहे, तोही झिजतो.

ठासणीची बंदूक असेल त्यांनी अधिक सावध राहावे. ती एकदा ठासली की सहज रिकामी करता येत नाही. म्हणून ठासलेली बंदूक खांद्यावर टांगूच नये. हातातून नेताना टोपी काढलेली असावी आणि नळीचे तोंड माणसाजनावरांपासून दूर असावे.

कुंपण, चारी, माळा आणि मोटारसायकल

सपाट वाटेवर बंदूक सहसा दगा देत नाही. ती दगा देते चढउताराच्या जागी.

तारेचे कुंपण ओलांडताना बंदूक खांद्यावरून काढा, रिकामी आहे याची पुन्हा खात्री करा, आणि दोघे असाल तर एकाने दुसऱ्याकडे दस्त्याच्या बाजूने द्या. एकटे असाल तर ती कुंपणापलीकडे, तोंड आपल्या विरुद्ध दिशेला करून, आडवी ठेवा. मग थोड्या अंतरावरून तुम्ही पलीकडे जा. चारी किंवा ओढा ओलांडतानाही हेच करा.

माळ्यावर चढताना बंदूक खांद्यावर घेऊन शिडी चढू नका. आधी चढा, मग रिकामी बंदूक दोरीने वर घ्या. दोरी अशी बांधा, की दस्ता वर आणि नळीचे तोंड जमिनीकडे राहील. आणि पट्टा धरून, तोंड आपल्याकडे येईल अशी बंदूक कधीही ओढू नका. ना माळ्यावरून, ना बैलगाडीतून, ना बाजेखालून. चाप कशाला तरी अडकतो आणि मग हळहळ करून उपयोग नसतो.

मोटारसायकलवर पट्टा गळ्यात अडकवून जाणारे दिसतात. गाडी घसरली तर तीच बंदूक पाठीच्या कण्याखाली येते. गाडीवरून न्यायची तर रिकामी करून, पिशवीत बंद करून न्यावी. काडतुसे वेगळ्या खिशात असावीत.

नेम धरताना पट्ट्याचा उपयोग

आता पट्ट्याचे दुसरे काम. आपल्या तालुक्यांतली कितीतरी मुले-मुली पोलीस आणि सैन्यभरतीची तयारी करतात, शाळा-कॉलेजात एन.सी.सी.त जातात. दौंडला राज्य राखीव पोलीस बलाचे गट क्रमांक ५ आणि ७ आहेत, जवळ नानवीजला बलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे खांद्याला रायफल लावून कवायत करणारा जवान आपल्या भागाला नवा नाही. या मुलांना पुढील माहिती उपयोगी पडेल.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक मिळवले. १९५२ साली हेलसिंकीला खाशाबा जाधवांनी कुस्तीत पदक आणल्यानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळायला ७२ वर्षे लागली. या प्रकारात गुडघ्यावर बसून, पालथे पडून आणि उभे राहून अशा तीन तऱ्हांनी नेम धरावा लागतो. पहिल्या दोन तऱ्हांना पट्टा वापरता येतो, उभे राहून मात्र वापरायला मनाई आहे. पट्ट्याची रुंदीही ४० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. एवढे नियम करावे लागले, यावरूनच पट्ट्याचा आधार केवढा मोठा असतो ते कळते.

यातले मर्म असे. स्नायूंनी पेललेली रायफल थरथरते, कारण स्नायू दमतो. हाडांवर तोललेली रायफल स्थिर राहते, आणि हाडांची ती चौकट पट्टा बांधून धरतो. छपराच्या वाशांना सुंभ आवळून बांधतात, तसेच हे आहे. उजव्या हाताने चाप ओढणाऱ्याने ते असे करावे:

पट्ट्याचा फास डाव्या दंडावर वरच्या बाजूला, बेटकुळीच्या वर घ्यावा. कोपराच्या खळग्यात घेतला तर नाडीचे ठोके रायफलीपर्यंत पोचतात आणि नेम हलतो. फास बसता पण बेताचा असावा; हात बधिर झाला तर तो जास्त आवळला असे समजावे. तेथून पट्टा पीळ न पडता, डाव्या पंजाच्या पाठीवरून पुढच्या कडीला जावा. डावे कोपर शक्य तेवढे रायफलीच्या खाली आणावे. दस्ता उजव्या हाताने थोडा ढकलून खांद्यात बसवावा लागला, म्हणजे लांबी बरोबर. अलगद बसला तर पट्टा सैल. खांद्यापर्यंत पोचलाच नाही तर आखूड.

मग डोळे मिटून अंग सैल सोडावे, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. नेम लक्ष्यावरून सरकला असेल तर हाताने रायफल ओढून जागेवर आणू नये, सगळे अंगच थोडे वळवून घ्यावे. हा सराव प्रशिक्षकासमोर, रिकाम्या रायफलीने, रोज करता येतो. त्याला एक गोळीही खर्च होत नाही.

राखणीच्या दुनळीला मात्र हा प्रयोग करू नका. त्या बंदुकीची पुढची कडी बहुधा नळीलाच असते. पट्टा ताणला की नळीवर ओढ येते आणि मार सरकतो. शिवाय झटकन वळायची वेळ आली तर दंडात गुंतलेला पट्टा आड येतो.

घरातली काळजी

भगिनींनो, हा भाग खास तुमच्यासाठी. बंदूक घरी आली, की पट्ट्याने खुंटीला अडकवायची, ही आपल्याकडची जुनी सवय. लोंबता पट्टा दिसला की लहान मूल तो ओढणारच. म्हणून खुंटी नको. बंदूक कुलपाच्या पेटीत, काडतुसे दुसऱ्या कुलपात, आणि किल्ल्या मुलांना ठाऊक नसलेल्या जागी. ठेवण्यापूर्वी पट्ट्याला लागलेला चिखल ओल्या फडक्याने पुसावा. ओला पट्टा नळीला गुंडाळून ठेवला तर तेथे गंज धरतो.

आणखी एक सवय लावून घ्या. घरधनी राखणीहून आले, की चहा विचारण्याआधी विचारा, "अहो, रिकामी केली का?" पहिल्या दिवशी त्यांना राग येईल. आठव्या दिवशी ते स्वतःच दारातून सांगतील.

कायद्याचे थोडे

शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे बंदूक ज्याच्या परवान्यावर आहे त्यानेच ती वागवायची. आज मला ताप आहे, म्हणून पुतण्याच्या खांद्यावर देऊन त्याला राखणीला पाठवले, तर दोघेही अडचणीत येतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवान्याची मुदत पाच वर्षांची आहे, ती संपण्याआधी नूतनीकरणाला लागा. त्याच दुरुस्तीने वरातीत, जत्रेत हौसेने निष्काळजीपणे गोळी झाडण्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे.

बंदुकीचा परवाना म्हणजे जनावर मारण्याचा परवाना नव्हे. रानडुकराला वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ लागू आहे, वनखात्याच्या परवानगीवाचून त्याला मारता येत नाही. बिबट्याला तर या कायद्यात सर्वांत कडक संरक्षण आहे. पिकाचे नुकसान झाले, तर विलंब न लावता वनखात्याकडे अर्ज करून पंचनामा मागा. भरपाईचा तो सरळ रस्ता आहे.

बंधूंनो, बैल गेला नि झोपा केला, असे आपल्या घरी होऊ नये. या रविवारी अर्धा तास काढा. बंदूक रिकामी करा, कड्या हलवून पाहा, पट्ट्याची शिवण पाहा आणि लांबी जुळवून खूण करा. पट्टा झिजलेला असेल तर नवा येईपर्यंत बंदूक पेटीत राहू द्या. तोवर राखणीला बॅटरी, डबा वाजवायला आणि सोबतीला शेजारचे दोघे, एवढे पुरेसे आहे.